डबा अकरा माळा, लॅपटॉप चोवीस

देव्हाऱ्याशेजारी माझी निर्माल्याची परडी असते. रोज दोन-चार फुलं, दूर्वांची एखादी जुडी, तुळशीची पानं. बघावं तर परडी रिकामीच वाटते, आणि आठवड्यानं कुकडी नदीवर न्यायला उचलावी तर हाताला जड लागते! आमच्या स्टुडिओतल्या किश्श्यांचं तसंच झालंय. फेकवत नाहीत, आणि ठेवायला जागा नाही. भजनाच्या बायका चहाला थांबल्या की हमखास म्हणतात, "सुमनताई, तो लॅपटॉपचा सांगा ना!" मी एक सांगायला घेते, तर त्याच्यामागून सहा येतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळे ओळीनं लिहूनच काढावेत.

स्टुडिओ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. जुन्नरला आमच्या घराचीच पुढची खोली. आमचे हे लग्नाचं शूटिंग करायचे आणि धाकटे दीर संजयभाऊजी मिक्सिंग. म्हणजे कॅसेटमधलं लग्न कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, नको ते कापायचं, गाणी घालायची, नवरा-नवरीच्या भोवती बदाम उडवायचे, आणि शेवटी सगळं शिजायला ठेवायचं. त्या शिजण्याला रेंडर म्हणतात. एकदा रेंडर लावला की कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत राहते. दोन हजार सालानंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. ती पट्टी शेवटापर्यंत पोचली तर सीडी, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात!

आणि एक सांगायचं राहिलं. आमचे हे फार संशयी. मनानं लोण्यासारखे आहेत, पण देवळात गेले की एक चप्पल या खांबापाशी आणि दुसरी त्या खांबापाशी काढणार. "चोराला जोडी कशाला द्यायची?"

*

भाऊजींनी पुण्याहून लॅपटॉप आणला, तो दिवस. त्यांच्या एका दोस्ताचं दुकान होतं, तिथून घेतलेला. एसटीतून मांडीवर धरून आणला, जसं काही तान्ह्या बाळाला घरी आणतायत.

आमच्याकडे आधी एक डेस्कटॉप होता. त्याला आम्ही सगळे डबा म्हणायचो. डब्यावर एक स्टिकर होतं, लॅपटॉपवरही तसंच. प्रोसेसरचं नाव तेच, गिगाहर्ट्झचा आकडाही तोच. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, असं भाऊजींनी मला समजावलं होतं. दोघांची डोकी सारखीच, मग काळजी कसली!

यांनी चष्मा लावून आधी डब्याचं स्टिकर वाचलं. मग लॅपटॉपचं. मग पुन्हा डब्याचं. आणि मग नखानं लॅपटॉपच्या स्टिकरचा कोपरा खरवडायला लागले.

"दादा, अहो काय करताय?"

"वरून चिकटवलेलं नाही ना, ते बघतोय."

"स्टिकर वरूनच चिकटवतात, दादा!"

"तेच म्हणतोय मी. कुणीही चिकटवील."

सासूबाई जपमाळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी माळ गळ्यात घातली, उठल्या, दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलून वर-खाली करून पाहिला आणि गुळाची ढेप परत करावी तसा टेबलावर ठेवला.

"हलकं हाय रं, संज्या. ह्यात माप मारलंय!"

*

खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा करतो. कॅमेरा, तिपाई, लाइटचे स्टँड, डबा. त्या वर्षी लॅपटॉपही मांडला. आता मला सांगा, नवी लक्ष्मी घरात आली, तिला उघड्या सनमायक्यावर बसवायचं? देव्हाऱ्यात आमच्या बाळकृष्णाला लाल मखमलीचं आसन आहे, आत कापूस भरलेलं. तसंच एक, जरा मोठं, लॅपटॉपच्या मापाचं मी शिवलं. कडेनं जर लावली. तीन दुपारी गेल्या त्यात, पण काय शोभला म्हणून सांगू! गादीवर बसलेल्या महाराजांसारखा.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढं कशाला?"

म्हटलं, "असू दे हो. तोही आपल्या घरासाठीच राबणार."

नारळ फोडायची वेळ आली तशी यांनी माझा हात धरला. "लॅपटॉपपासून लांब, पार दारात जाऊन फोड. पाण्याचा एक थेंब उडाला तर उद्या तो दुकानवाला म्हणेल पाण्यानं बिघडला. मुळात बिघडलेलाच दिला असणार!"

मी दारात जाऊन नारळ फोडला. आसन मात्र तेव्हापासून लॅपटॉपखालीच राहिलं. रोज सकाळी झटकायचं, पुन्हा घालायचं.

*

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि यांच्यानं राहवेना. "एकदा सोक्षमोक्ष लावू. एकच लग्न, तेच गाणं, तेच बदाम. एकाच वेळी दोन्हीवर रेंडर लावायचा."

लग्न मढच्या सखारामभाऊंच्या मुलीचं. हळदीपासून पाठवणीपर्यंत. प्रश्न आला तो वेळ कुणी मोजायची. स्टुडिओतलं घड्याळ यांनी मुद्दाम पुढे ठेवलेलं, गिऱ्हाईक लवकर उठावं म्हणून. त्यामुळे त्यावर भाऊजींचा विश्वास नाही. भाऊजींच्या मोबाईलवर यांचा नाही. "तो काय, बटण दाबलं की पाहिजे ती वेळ दाखवतो."

शेवटी दोघांनी माझ्याकडे बघितलं. त्या वर्षी माझा रामनामाचा नेम होता. रोज ठरलेल्या माळा. माझी माळ सावकाश चालते, पण एका चालीनं.

"वहिनी खोटं बोलणार नाहीत," भाऊजी म्हणाले.

"आणि माळ तर नाहीच नाही," हे म्हणाले.

मग मला दोन्हीच्या मधोमध पाटावर बसवलं. डावीकडे डबा, उजवीकडे आसनावर लॅपटॉप. दोघांनी एकदमच बटणं दाबली आणि दोघंही आपापल्या यंत्रावर नाही, एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून बसले! इकडे मी मणी ओढतेय आणि मनात म्हणतेय, रामा, दोघांनाही पास कर रे बाबा.

दहावी माळ चालू असताना सखारामभाऊ सीडीची चौकशी करायला आले. डब्याचा पडदा बघितला, लॅपटॉपचा बघितला, टोपी मागे सारली.

"ह्ये कसं काय, राव? डब्यात माझी पोरगी सासरी निघाली, आन् ह्या पाटीत तिला अजून हळदच लागतीया!"

डबा अकरा माळांत झाला. लॅपटॉपला चोवीस लागल्या. चोवीस! माझी मांडी बधिर झाली.

सखारामभाऊ जाताना भाऊजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ, भाऊ. आमच्याकडं येनारी यष्टीबी घाटात तापली की अशीच रखडती. मंग डायवर बॉनेट उघडून वारा देतो तिला."

सगळे हसलो. हसून सोडून दिलं, हीच चूक झाली.

*

हसू काही टिकलं नाही. रात्री जेवताना हे म्हणाले, "एकच नाव, एकच आकडा आणि काम अर्ध्याहून कमी. तुझ्या दोस्तानं तुला गंडवलं, संजय." एवढ्यावर थांबले असते तर! पण पुढे म्हणाले, "नाहीतर तुम्ही दोघांनी मिळून मला."

भाऊजींचा घास हातातच राहिला. आमचे सासरे गेले तेव्हा भाऊजी नववीत होते. यांनीच त्यांना शिकवलं, हाताला धरून कॅमेरा दिला. त्या माणसाच्या तोंडून हे!

भाऊजींनी ताट उचललं आणि परसदारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही ताट परसदारी. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वहिनी, पुण्यात एका मिक्सिंगवाल्याकडे काम मिळतंय. हातात आहेत तेवढी लग्नं संपवतो. तळेघरचं शेवटचं आहे. त्याची सीडी दिली की त्याच दिवशी निघतो. लॅपटॉप घेऊन जातो, म्हणजे दादांना तो नको आणि मीही नको."

मी देव्हाऱ्यापुढे बसले आणि संकल्प सोडला. हे दोघं एका पंगतीला बसून जेवत नाहीत तोपर्यंत मी भात खाणार नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की नवस नवस राहत नाही, त्याचं भांडण होतं.

पण आमच्या घरात काही लपतं का? चार दिवस भात वाढून घेतला नाही, तर हे माझ्या ताटाकडे बघायला लागले. आठव्या दिवशी दार लोटून, आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांग. तुला साखर निघालीय ना? आणि तू माझ्यापासून लपवतेस!"

*

नारायणगावला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाले होते. त्यांच्याकडे लॅपटॉप न्यायचं ठरलं. आता एकट्या भाऊजींबरोबर पाठवायचा तर यांना संशय, आणि हे एकटे घेऊन जाणार तर भाऊजींना. शेवटी दोघंही निघाले. आणि दुरुस्तीवाल्यावर दोघांचाही विश्वास नाही म्हणून मला बरोबर घेतलं!

"तू फक्त त्याच्या हातांकडे बघत बस," हे वाटेत मला सांगत होते. "ही माणसं आतला माल काढून दुसरा घालतात."

मी बसले बिचाऱ्याच्या हातांकडे बघत. तो इतका अवघडला की त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर दोनदा पडला. म्हणाला, "माल अस्सल आहे, दादा. पण नाव एक असलं तरी डब्यातला प्रोसेसर वेगळा आणि लॅपटॉपचा वेगळा. डब्याला भिंतीतून हवी तेवढी वीज, वर हा एवढा मोठा पंखा. लॅपटॉपला बॅटरीवर दिवस काढायचे असतात. त्यामुळे तो हात राखून काम करतो. तापला की आणखी हात राखतो."

हे भाऊजींकडे न बघता म्हणाले, "हात राखून काम करणारे मी ओळखतो."

भाऊजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

दुरुस्तीवाल्यानं आमच्यासमोर तोच मढचा रेंडर लावला. मी पिशवीतून माळ काढली. आणि काय सांगू, सोळा माळांत झाला! घरी चोवीस, इथे सोळा. त्यानं तर काही केलंही नव्हतं, उघडून बघितला आणि बंद केला.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं तीन बाकांवर. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यानं आपल्यासमोर काहीतरी हातचलाखी केली." थोड्या वेळानं मागून भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, एक विचारू? दादा घरी लॅपटॉपला काही करत तर नाहीत ना?"

घरी आलो. आसन झटकून लॅपटॉप पुन्हा जागेवर ठेवला. रेंडर लावला. चोवीस माळा!

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि त्याची दृष्ट काढली. "लोकाच्या टेबलाव गुनी, आन् घरात आला की मंद. ही बाहेरची नदर न्हाई. घरातल्याचीच हाय!" असं म्हणून त्यांनी आम्हा तिघांकडे एकेकदा बघून घेतलं.

*

तेव्हापासून यांनी प्रत्येक काम दोन्हीवर करायचा नियम केला. डब्याची सीडी आणि लॅपटॉपची सीडी लावून शेजारी शेजारी बघायचे. मला वाटलं, रंगबिंग तपासत असतील. एकदा चहा घेऊन गेले तर हे वहीत रेघा मारत होते.

"काय मोजताय?"

"पंगतीतली माणसं. लॅपटॉपनं वेळ वाचवायला माणसं गाळली असतील तर?"

माणसं सारखीच निघाली. यांना जरा वाईटच वाटलं.

मग लोणीच्या एका पाव्हण्यांच्या नातवाचं बारसं आलं. मेंढरांचा मोठा वाडा असलेला माणूस, डोक्याला लाल पागोटं. ते सीडी घ्यायला येऊन बसले होते आणि दोन्हीवर रेंडर चालू होता. डब्याची पट्टी जवळजवळ टोकाला पोचली. हे भाऊजींना ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाले, "बघितलंस? याला म्हणतात काम!"

आणि लाइट गेली. यूपीएसनं चार वेळा टिटवीसारखा आवाज काढला आणि डबा बंद. सगळं पहिल्यापासून!

लॅपटॉपचा पडदा तेवढा मंद झाला. पट्टी आणखीच सावकाश चालायला लागली, पण चालत राहिली. बाहेरच्या दाराशी उजेडात बसून भाऊजींनी बॅटरीवर सीडी काढून दिली. मी मनात म्हटलं, आता तरी हे काहीतरी म्हणतील. हे म्हणाले, "आज बरी नेमकी याच वेळी लाइट गेली. वेळ तर अजून झाली नव्हती."

लोणीचे पाव्हणे हसले. "आमच्या वाड्याव दोन कुत्री हायती. एक लई पळतंय, पन भाकरी दावली तरच. दुसरं सावकाश, पन रातभर मेंढरांसंगं चालतंय. आमी दोन्ही पाळल्यात, भाऊ. भांडनं लावत न्हाई त्यांच्यात."

*

आणि मग तळेघरचं लग्न. शेवटचं.

चिमाजीबाबांच्या नातीचं. सीडी घ्यायला बाबा स्वतः आले. डोंगरातून चालत खाली उतरले, मग मिळेल त्या गाडीनं जुन्नर. खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. त्यांनी गाठ सोडली आणि खोलीभर वास सुटला. मी पदर नाकाला लावला. दुसरं काय करणार?

"एकच्या गाडीनं जायला पायजे, ताई," बाबा म्हणाले. "ती चुकली की उद्याच. नात सासरहून आलीया आजच्यापुरती. तिला दाखवायचंय."

लॅपटॉप भाऊजींबरोबर जाणार, म्हणून त्या सकाळी रेंडर एकट्या डब्यावरच लावला होता. तो अर्धा झाला आणि लाइट गेली. दहाच्या पुढे आली, ती अशी झटका देऊन आली की डब्याच्या मागून धूर निघाला. डबा गेला! आता राहिला लॅपटॉप, आणि त्याला लागणार चोवीस माळा. यांनी हिशेब केला. "गाडी चुकणार." भाऊजींनीही मान हलवली. महिन्याभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, तेही असल्या गोष्टीवर!

दाराशी भाऊजींची बॅग भरून ठेवलेली. सीडी दिली की तेही निघणार.

तेवढ्यात पाणी प्यायला बाबांनी तांब्या उचलला. तो हातात कलला, पाणी सांडलं. टेबल ओलं, आसन ओलं. मी धावत लॅपटॉप उचलला. आसन काढून बाहेर दोरीवर टाकलं. पुसलेलं टेबल अजून दमट होतं, म्हणून शेल्फवरची कॅसेटची दोन रिकामी खोकी घेतली, एक या बाजूला, एक त्या बाजूला ठेवलं आणि त्यावर लॅपटॉप. भाऊजींनी रेंडर लावला. मी माळ घेतली.

आयुष्यात इतका अवघड जप केला नाही. पट्टी लवकर सरकली तर बाबांना गाडी मिळते, पण भाऊजी निघून जातात. सावकाश सरकली तर भाऊजी राहतात, पण म्हाताऱ्या माणसाची नात वाट बघत राहते. रामाला मागावं तरी काय? शेवटी काहीच मागितलं नाही, नुसते मणी ओढले.

आठव्या माळेला पट्टी निम्म्यावर होती. यांनी चष्मा पुसला. बाराव्या माळेला दोन्ही भाऊ पडद्यापाशी येऊन उभे. पंधरा माळा झाल्या आणि सीडी तयार!

बाबांना एकची गाडी मिळाली. हे स्वतः स्टँडवर जाऊन बसवून आले, कंडक्टरला दोनदा विचारून, की गाडी खरंच तळेघरलाच जातेय ना.

आल्या आल्या विचारलं, "संजय, आज काय केलंस त्याला?"

"मी? मीच तुम्हाला विचारणार होतो. तुम्ही काय केलंत?"

मी आसन आणायला बाहेर गेले. दोरीवरून काढलं, उलटंपालटं केलं, आणि तिथेच खाली बसले. लाल मखमलीवर बारीक बारीक पट्ट्यांचा ठसा उमटला होता, करपल्यासारखा तपकिरी. लॅपटॉपच्या पोटाला हवा घ्यायच्या जशा भेगा असतात, अगदी तसा! मखमल आणि कापूस त्या भेगांना बोळ्यासारखे बसले होते. खंडेनवमीपासून त्याचा श्वास मी कोंडत होते आणि वर रोज हळदकुंकू लावत होते. मढची तापलेली यष्टी, नारायणगावचं उघडं टेबल, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

आत गेले. आसन दोघांच्या मध्ये ठेवलं. म्हटलं, "संशय घ्यायचाच होता तर माझा घ्यायचा होता. तो ना दुकानवाल्यामुळे रखडत होता, ना तुमच्यामुळे, ना भाऊजींमुळे. माझ्या भक्तीनं रखडत होता."

यांनी आसन उजेडात नेलं, ठसा बघितला, लॅपटॉप उलटा करून भेगा बघितल्या, बोटांनी मोजल्या, मग आसनाचा वास घेतला. सासूबाई देव्हाऱ्यापासून म्हणाल्या, "बया! म्हंजी चोर घरातच, आन् त्योबी उपासतापास करनारा!"

हे बॅगेकडे बघत म्हणाले, "आज उशीर झालाय. उद्या जा."

बस, एवढंच! मी किती आशेनं बघत होते. भाऊजींनी मान हलवली आणि रात्रीचं ताट परसदारीच घेतलं. मी भाकरीच खाल्ली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून पूजेला बसले. देव्हाऱ्याचा पडदा सारला आणि हातातलं निरांजन पडता पडता राहिलं.

बाळकृष्णाचं मखमली आसन घडी करून बाजूला ठेवलेलं. आणि बाळकृष्ण कॅसेटच्या दोन रिकाम्या खोक्यांवर! एक या बाजूला, एक त्या बाजूला, मधून हवा खेळती!

मी सकाळभर कुणाला काही विचारलं नाही. दुपारी पानं मांडली. एक ताट सवयीनं परसदारी नेलं, तर तिथे कुणी नाही. परत आले, तर भाऊजी यांच्या शेजारच्या पाटावर बसलेले. पुण्याला जायची बॅग माळ्यावर चढलेली. पलीकडे सासूबाई.

म्हटलं, "खरं सांगा. देवाला खोक्यावर कुणी बसवलं?"

हे म्हणाले, "मला संजयचा संशय आहे."

भाऊजी म्हणाले, "मला दादांचा."

सासूबाई म्हणाल्या, "मला दोघांचाबी. आन् कुनी माझा घेतला, तर ह्याच पाटावर घ्यावा. उठनार न्हाई मी."

मी आत गेले. चिमाजीबाबांच्या तांदळाचा भात पातेल्यात वाफाळत होता. एक मूद यांच्या पानात वाढली, एक भाऊजींच्या, एक सासूबाईंच्या. मग माझं पान घेतलं, त्यातही एक वाढली, वरून तूप, आणि बसले.

यांनी घास तोंडाशी नेता नेता थांबवला. माझ्या पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पानाकडे.

"काय गं," डोळे बारीक करून म्हणाले, "तुला तर साखर निघाली होती ना?"